दगड बोलेना

सांगली, ८ मे १९७७

दाजींना सांगलीहून नाथाजीचा वाकून नमस्कार. अक्काला सांगा, मी बरा आहे, पोट थोडं सुटलंय, त्याचा दोष तिच्या भावजयीकडे जातो.

उमा माहेरपण संपवून बाळाला घेऊन आष्ट्याहून आली. आमचा हरी बाप झाला, मी आजोबा झालो, आणि तुम्हाला न विचारता तुम्हीही झालात. पोराच्या डोक्यावर जावळ एवढं दाट की सुईणीनं म्हणे पहिल्याच दिवशी विचारलं, टोपी घालून जन्मलाय का. दुकानातली गिऱ्हाइकं आता मला म्हणतात, नाथाजी, घरातच धंदा आला. जावळाचं काय ते मात्र प्रत्यक्ष भेटीत बोलेन. तसलं आमंत्रण तोंडानं द्यायचं असतं, पत्रात घालायचं नसतं, हे तुमच्याच घरात राहून शिकलो.

सोबत पार्सल आहे. रागावू नका. बाहेरून वस्तराच आहे, पण आत पातं नाही. दाढीचं साधं ब्लेड कागदासकट मधोमध मोडायचं, अर्धं आत सरकवायचं, खटका दाबायचा. गिऱ्हाईक उठलं की ब्लेड फेकायचं. धारेचा दगड नको, पट्टा नको, सकाळी पाजवत बसणं नको. माझ्या दुकानात आता तिन्ही खुर्च्यांवर हेच चालतं. कॉलेजची पोरं बसायच्या आधी विचारतात, "ब्लेड नवं आहे ना?" एक वकील तर ब्लेड मोडताना स्वतः डोळे लावून बघतात, उद्या साक्ष द्यायची असल्यासारखे.

वापरलात तर एकच सांगतो. हात हलका ठेवा. तुमच्या वडिलांच्या, तात्यांच्या वस्तऱ्याला स्वतःचं वजन आहे, तो आपल्या वजनानं गालावरून उतरतो, आपण नुसतं सोबत जायचं. याला वजन नाही. म्हणून हात दाबायला जातो, आणि दाबलं की हा चावतो. कोपरे तर विंचवाची नांगी. एवढं सांभाळलं तर गुणी आहे.

बेंदराला, बैलांच्या सणाला येतो. अक्काला काय हवं ते लिहा.

तुमचा
नाथाजी


वडूज, २५ मे १९७७

चिरंजीव नाथास केरबाचा आशीर्वाद. त्यात थोडा राग मिसळलेला हाय, त्यो येगळा काढून घे.

नातवाचं वाचून तुझ्या अक्कानं, बनूनं दिव्याला साखर दावली आन मीच खाल्ली.

पार्सल पावलं. मला वाटलं सांगलीचं भडंग असंल. सोडून बघतो तर ही चिमटी. आरं गड्या, वस्तरा मंजी काय? पातं. ज्याला पातंच न्हाई त्याला वस्तरा म्हणायचं मंजी बिनबैलाच्या गाडीला गाडी म्हणायचं. तू म्हणशील, दाजी, मोटारीला बैल कुटं असत्यात? असू दे. मी मोटारीतबी कवा झोपलो न्हाई. बैलगाडीत झोपतो, बैल घरी आणत्यात.

तात्याचा वस्तरा रोज सकाळी दगडावर बसतो, मग पट्ट्यावर जातो, मगच माणसाच्या गालाला लागतो. आंघूळ करून देवळात जावं तसं. तुझं ब्लेड रोज नवं. रोज नव्या पावण्याशी वळख काढायची आन त्यो उठायच्या आत त्याची मान मोडून उकिरड्यावर. ह्या वयात माझ्याच्यानं असलं व्हायचं न्हाई.

रिटायर सुभेदारांना दावला. त्यांचा आवाज अजून परेडचा हाय, दोन गल्ल्या ऐकत्यात. म्हणालं, "केरबा, मिल्ट्रीत हत्यार मोडलं की दुसरं मिळतं, त्याला जीव लावायचा नसतो." मी म्हणलं, म्हणून तर मी मिल्ट्रीत गेलो न्हाई.

तुझी चिमटी बनूला दिलीया. शेवग्याच्या शेंगा सोलाया बरी हाय.

ती शेजारी बसून सांगतीया ते लिवतो. येताना पिशवीभर अळकुड्या आण. सांगलीकडच्या चांगल्या असत्यात. पावसाच्या आधी पायजेत म्हणती.

केरबा


सांगली, १० जुलै १९७७

दाजींना नमस्कार.

सुखरूप पोचलो. धोतरावरचा चिखल अजून निघाला नाही, तो कसला ते सांगतो. तुमच्या पत्रावरून मी कृष्णाकाठच्या एका मळ्यात जाऊन अळकुड्या स्वतः उकरून घेतल्या. मनात म्हटलं, वडूजच्या कोरड्या रानात अक्का अळू कुठे लावणार? पण बहिणीनं मागितलंय, विचारायचं कशाला. एसटीत पिशवी मांडीवर. अक्कानं ती अंगणात ओतली आणि कपाळाला हात लावला. "आरं नाथा, मी अळकुंडं म्हटलं हुतं. अळकुंडं. पिवळी. दळून ठेवायची." सांगलीची हळद, पावसाच्या आत, आणि मी हे काळे गोटे घेऊन उभा. आपल्या मुलखाला ह खायची सवय, हळकुंडाचा ह अक्कानं खाल्ला, उरलेलं तुम्ही लिहिलंत, चिखल माझ्या वाट्याला आला. शेजारच्या हरणाबाई पोट धरून हसल्या. तुम्हीही हसलात, जरा उशिरा.

आता दुसरं. बेंदराच्या सकाळी तुमच्यासमोर दाढीला बसलो आणि डोळे मिटले. पट्ट्यावर तात्यांचा वस्तरा वाजला. जाताना जाड, येताना बारीक, तोच आवाज, ज्याच्यावर मी तुमच्या ओसरीत जागा व्हायचो. मग गालाला लागला तो वेगळाच. दाजी, तात्यांचा वस्तरा दाढीतून जातो तेव्हा बैल कडबा खातो तसा वाजतो, भरीव, सावकाश. हा पत्र्यावरून मांजर पळावं तसा टिर्र टिर्र करत गेला. मी डोळे उघडले नाहीत. गिऱ्हाइकानं डोळे मिटले की ते त्याचं घर, कडी वाजवायची नाही, असं तुम्हीच सांगायचा. मग गिऱ्हाइकानंही न्हाव्याच्या घरात वाकून बघू नये. शेवग्याच्या शेंगा सोलणारी चिमटी माझ्या गालावर काय करत होती, हे मी विचारत नाही. दाढी फर्स्टक्लास झाली, एवढं कळवतो.

तुम्ही बोलायला लागलात, हेही लक्षात आलं. पूर्वी तुम्ही गप्प, गिऱ्हाईक बोलायचं. न्हाव्यानं कान उघडे ठेवावेत आणि तोंड हत्यारांच्या धोकटीत ठेवावं, हा तुमचा धडा. आता वस्तरा हातात घेतलात की पाऊस, मटकी, सुभेदारांची पेन्शन, सगळं एका दमात. मला हूं म्हणायलाही फट सापडेना.

त्यामुळे असेल, पण एक गोष्ट मनाला लागली. जावळाचं मी तुम्हाला तीनदा म्हणालो. दाढी चालू असताना तुम्ही माझ्या मागे गेलात तेव्हा म्हणालो, तर तुम्ही म्हणालात, "औंदा मटकी बरी हाय." गोठ्यात तुम्ही बैलाच्या शिंगांना हिंगूळ लावत होतात, मी मागे उभा राहून म्हणालो, तुम्ही मानसुद्धा वळवली नाहीत. शेवटी स्टँडवर गाडीत चढता चढता म्हणालो. तुम्ही हसलात आणि "पोचल्यावर कार्ड टाक" म्हणालात. दाजी, नको असेल तर तसं सांगा. माझ्या हातून काही चुकलं असेल तर तेही सांगा. मटकी सांगू नका.

नाथाजी


वडूज, ३० जुलै १९७७

नाथास आशीर्वाद.

व्हय, ब्लेडच हुतं. तुझ्या कानाला मीच धार लावली, आता माझ्यावरच चालीव. पर गावाला कळू देऊ नगंस. हितल्या म्हाताऱ्यास्नी पट्टा वाजला की बरं वाटतं, म्हणून आदी पट्टा वाजवतो, तात्याचा वस्तरा मिटून ठेवतो आन मग तुझी चिमटी काढतो. त्यांचं डोळं मिटलेलं असत्यात. तुझंबी हुतं, पर तुझं कान मिटत न्हाईत ह्ये इसरलो.

का ते सांगतो. माझा दगड मुका झालाय. तात्याच्या वक्ताचा दगड, मधी खळगा पडला असंल. पातं फिरवतो, बोलत न्हाई. धार आली का दगड वरच्या पट्टीत जातो, ह्ये तुला ठावं हाय. ती पट्टी लागल्याबिगर पातं उचलायचं कवा? अंदाजानं उचललं आन नको ते झालं. ते आता सांगत न्हाई.

आन जावळाचं तू मला कवा विचारलंस? तीनदा म्हणतोस. मी तीन दिस वाट बघितली, आज नाथा विचारंल, उद्या विचारंल. तू गाडीत बसलास तवा घरी येऊन बनूला म्हणलं, तुझा भाऊ सांगलीवाला झाला, त्याला आता तात्याचा वस्तरा कशाला. ती काय म्हणाली ध्यानात न्हाई, पर लय येळ बोलत हुती.

केरबा


सांगली, २१ ऑगस्ट १९७७

दाजींना नमस्कार.

म्हणजे तुम्ही माझ्यावर रुसलात आणि मी तुमच्यावर, आणि मधल्या मध्ये बैलाची शिंगं रंगून निघाली. स्टँडवरचं एसटीच्या घुरघुरीत गेलं असेल, गोठ्यातलं घुंगरांच्या आवाजात. असो. रीत मोडतो आणि कागदावर लिहितो. आमच्या हरीच्या मुलाचं जावळ मार्गशीर्षात सांगलीला आहे. ते तुमच्या हातून, तात्यांच्या वस्तऱ्यानं काढायचं आहे. हरीचं काढलंत, तुमच्या लेकींचं काढलंत, तसंच. उमाचा भाऊ मधुकर मामा म्हणून मांडीवर घेऊन बसेल. अक्काला घेऊन चार दिवस आधी या.

तुम्ही म्हणाल, तू एवढा ब्लेडवाला, तुझ्या खटक्याच्या वस्तऱ्यानं कर की. खरं सांगतो, माझी छाती होत नाही. पोराची टाळू अजून भरली नाही, हात ठेवला तर खालून ठोका लागतो. पोरगं मान हलवणार. तात्यांच्या वस्तऱ्याची टोकं घासून घासून गोल झालीत, तो चुकला तरी सरकून जातो. ब्लेडचा कोपरा चुकला तर रुततो. दाढीच्या गालाला ते चालतं, तुरटी फिरवली की झालं. टाळूवर तुरटी फिरवायची वेळ मला आणायची नाही. आणि उमा म्हणते, मामंजींच्या दुकानातली चिमटी बाळाला नको. चिमटी हा शब्द तिच्यापर्यंत कसा पोचला ते अक्काला विचारा.

दगडाचं दुःख मनावर घेऊ नका. माझा दगड पार्सलानं पाठवतोय. ब्लेड आल्यापासून तो फळीवर बसून आहे. फार बोलका आहे. शेजारचा शिंपी म्हणायचा, नाथाजी, तुझा दगड सुरू झाला की मला माझं मशीन ऐकू येत नाही. त्याच्यावर तात्यांचं पातं लावा आणि घेऊन या.

नाथाजी


वडूज, ९ ऑक्टोबर १९७७

नाथास आशीर्वाद. उत्तराला उशीर झाला.

दगड परत धाडतोय. त्योबी मुका निघाला. सांगलीत बोलत असंल, वडूजचं पाणी मानवलं नसंल.

जावळ तूच कर. माझं यायचं जमायचं न्हाई. गुडघं धरल्यात आन एसटीचा हिसका सोसत न्हाई. बनूला धाडतो, तिच्यासंगं तात्याचा वस्तरा धाडतो, तू धार लावून घे. राग धरू नगंस.

तूबी एवढ्यात हिकडं येऊ नगंस. कार्ड टाकत जा. तुझं कार्ड आलं का मी खुर्ची दारात घेतो आन दोनदा वाचतो. कार्डात तुझं बोलणं लय सरळ लागतं. एकबी शब्द सांडत न्हाई.

केरबा


सांगली, २३ ऑक्टोबर १९७७

दाजी,

पार्सल काल आलं. आज दुकान उघडायच्या आधी दगडावर पाणी सोडलं आणि एक जुनं पातं फिरवलं. चार हात फिरवले आणि थांबलो. शिंपी दारात येऊन म्हणाला, "काय नाथाजी, परत जुनं सुरू केलंत?"

दाजी, दगड बोलतोय.

मग मी दुकान तसंच बंद ठेवून खुर्चीत बसून राहिलो. हळकुंडाच्या अळकुड्या झाल्या. आम्ही सगळ्यांनी तो दोष अक्काच्या जिभेला दिला. तीनदा विचारलं ते तुमच्यापर्यंत आलं नाही. तिन्ही वेळा आपण समोरासमोर नव्हतो, किंवा गोंगाट होता. पट्टा मात्र बरोबर वाजला, कारण तो हातानं वाजतो. बोलणं वाढलं, कारण आपण बोलत राहिलं की समोरच्याचं ऐकावं लागत नाही. आणि कार्डात एकही शब्द सांडत नाही, हे तर तुम्हीच लिहिलंत. मी ते वाचून खूश झालो होतो. किती दिवसांनी दाजींनी माझी तारीफ केली म्हणून.

तुम्हाला ऐकू कमी येतंय, असं मला वाटतं. चुकलो असेन तर आल्यावर माझे कान उपटा. नाहीतरी तुमच्या मते ते मिटतच नाहीत. हे मी हरीला, उमाला, कुणालाही सांगितलेलं नाही.

मी गावाकडून एक धोकटी घेऊन निघालो तेव्हा तुम्ही म्हणाला होता, हात कुणीबी शिकवंल, कान माझ्याकडनं घेऊन जा. तो कान मी तीस वर्षं वापरतोय. त्याच्यावर माझं दुकान उभं राहिलं. कुठल्या गिऱ्हाइकाला गप्पा हव्यात, कुणाला शांतता, कोण घरात भांडून आलाय, सगळं मी कानानं घेतलं. आता तुम्हाला गरज आहे, तर तो घरचाच आहे, मागवून घ्यायचा.

तुम्ही लिहिलंत, धार मीच लावावी. नाही जमत. ब्लेड मोडून मोडून माझं मनगट चंचल झालंय. सकाळी पातं फिरवलं ते दगडावर कधी उताणं, कधी उभं. आवाज चुकतोय हे कळत होतं, हाताला सुधारता येत नव्हतं. म्हणजे आज आपली गत अशी. माझ्याकडे कान आहे, हात नाही. तुमच्याकडे हात आहे. दोघांत मिळून एक न्हावी होतो.

तेव्हा असं करू. तुम्ही दगडावर पातं धरा. मी समोर बसतो. दगड वरच्या पट्टीत गेला की मी बोट वर करीन, तुम्ही पातं उचला. पोरांना वाटेल म्हातारे खेळ करतायत. वाटू दे.

मिरजेत कानाचे डॉक्टर आहेत, माझे गिऱ्हाईक आहेत, त्यांच्या कानावरचे केस मीच कापतो. तुमची इच्छा असेल तर जाऊ. नसेल तर तो विषय मी पुन्हा काढणार नाही. जावळाचा काढीन.

नाथाजी


वडूज, २० नोव्हेंबर १९७७

नाथास केरबाचा आशीर्वाद. ह्या टायमाला राग न्हाई.

तुझं पत्र वाचलं, घडी घातली, दिवाळी हुईस्तवर सदऱ्याच्या खिशात ठेवलं. बनूनं इचारलं काय लिवलंय. मी म्हणलं, नाथा म्हणतो मला ऐकू येत न्हाई. ती माझ्या म्होरं येऊन बसली, माझ्या तोंडाकडं बघून म्हणाली, "त्यानं लिवलं ते बरं झालं. मी वरडून वरडून दमले." एवढं ऐकू आलं. म्होरं बसली का येतं.

सुरुवात दगडापास्नं झाली. मला खरंच वाटलं दगड मुका झाला. मग पट्टा मुका झाला. मग कोंबडा. मग एक दिस बघतो तर बनू चुलीम्होरं तोंड हलवतीया आन मला वाटलं मनातल्या मनात कायतरी म्हणतीया. ती मला जेवाया बोलवत हुती.

नको ते झालं म्हणलं हुतं, ते सांगतो. सुभेदारांची दाढी करताना पातं कच्चं हुतं. दगडानं सांगितलं न्हाई, गालानं सांगितलं. ते वरडलं असतील, त्यांचं वरडणं दोन गल्ल्या ऐकत्यात, पर मी त्यांच्या मागं उभा हुतो आन मला रगात दिसलं तवा कळलं. त्यांनी कुणाला सांगितलं न्हाई. फडकं दाबून उठलं आन दुसऱ्या दिशी परत येऊन त्याच पाटावर बसलं. त्याच आठवड्यात तुझं पार्सल आलं. तुला शिव्या दिल्या आन रातच्याला ब्लेड मोडाया शिकलो. तुझ्या चिमटीनं माझी लाज राखली, ह्ये आज लिवतो. त्याला कान लागत न्हाई. नवं ब्लेड मंजी धार हायच.

एक हसण्यासारखं सांगतो. गावात लोक मला लय भरवशाचा म्हणाया लागल्यात. केरबाला काय बी सांगा, बाहेर जात न्हाई. दाढीला बसलं का घरचं सगळं सांगत्यात, जमिनीचं, सुनंचं, सोयरिकीचं. मी मान हलवतो. आत आलंच न्हाई तर बाहेर काय जाणार?

पर न्हाव्याला भ्यावं कशाचं वाटतं तुला ठावं हाय. एकदा का बहिरा केरबा म्हणाया लागलं, का मग माझ्याम्होरं माझ्याबद्दल बोलतील आन मी मान हलवीन.

मी येतो. मिरजेचं मागनं बघू. तुझं बोट तयार ठेव.

केरबा


वडूज, २ जानेवारी १९७८

नाथास आशीर्वाद.

आमी दोगं बरं पोचलो. बनूनं हळकुंडं मापून घेतली, बरोबर भरली.

जावळाच्या आदल्या दिशी तुझ्या माडीवर मी दगड घेऊन बसलो. तू म्होरं बसलास, डोळं मिटलंस. मला बरं वाटलं, गिऱ्हाईक डोळं मिटतं तसं. मी पातं फिरवत गेलो. किती फिरवलं ध्यानात न्हाई. मनात म्हणलं, ह्यो झोपला का काय. आन तुझं बोट वर झालं. आरं, त्या बोटाकडं बघून मला दगड ऐकू आल्यागत झालं.

दुसऱ्या दिशी पोराच्या डोक्यावर पाणी लावलं, वस्तरा टाळूवर आणला, तवा मी माझ्या बोटाखालच्या ठोक्याकडं ध्यान लावलं हुतं. खालनं टाळू उडत हुती, वरनं पातं जात हुतं. तात्याचा वस्तरा त्याच्या वजनानंच गेला, मी नुसता संगं गेलो. रगताचा ठिपका न्हाई. तुमी सगळी टाळ्या वाजवत हुता, ते दिसलं.

पर दोन गोष्टी मला दिसल्या न्हाईत आन कळल्याबी न्हाईत. एक, पोरगं रडलं का? त्याचं तोंड उघडं हुतं. रडत हुतं का हसत हुतं, मी केसाकडं बघत हुतो. बनूला इचारलं, ती डोळं पुसत हुती, तिच्या तोंडावरनं कायबी कळंना. दुसरं, वस्तरा कसा वाजला? टाळूवरनं जाताना. खरं लिव. बाकी काय लिवलं न्हाईस तरी चालंल.

केरबा


सांगली, १७ जानेवारी १९७८

दाजींना नाथाजीचा वाकून नमस्कार.

पोरगं रडलं नाही. मामाच्या मांडीवर बसून एकदा "ब्बा" म्हणालं, आणि तोंड उघडं ठेवून तुमच्या मिशीकडे बघत राहिलं. रडायला आला होता तो मधुकर. त्याचा श्वास मला ऐकू येत होता, धरून ठेवलेला, आणि पहिली बट उमाच्या ताटात पडली तेव्हा सोडलेला. उमाच्या बांगड्या आधी वाजत होत्या, मग थांबल्या. अक्का नाक ओढत होती. खाली दुकानात कुणीतरी दार ठोठावून "उघडं आहे का?" विचारलं आणि हरीनं वरून "आज बंद" म्हटलं. एवढे आवाज होते. आता तुमच्या खात्यात एकही कमी नाही.

दुकानात परत ब्लेड सुरू झालं. वकीलसाहेबांनी विचारलं, परवा बंद का होतं? म्हटलं, घरात जुन्या वस्तऱ्याचं काम होतं. म्हणाले, "तुमच्याकडे जुना आहे? मग आम्हाला का नाही?" म्हटलं, त्याला दोन माणसं लागतात.

वस्तऱ्याचं लिहायला आठवडा घेतला. कागद दोनदा फाडला. गालावर तात्यांचा वस्तरा बैल कडबा खातो तसा वाजतो, हे सोपं आहे. कानशिलाच्या वर ओल्या जावळातून गेला तेव्हा अक्का नवं लुगडं घडीतून सोडते तसा वाजला. मागे मानेवर थोडा जास्त. टाळूवर आला आणि मला वाटलं थांबला. मी पुढे वाकलो. थांबला नव्हता. इतका बारीक वाजत होता की ऐकायला मला माझा श्वास धरावा लागला.

तो कसा, ते सांगतो. तुमच्याकडे आता हुरडा आला असेल. एक कोवळं कणीस घ्या, आरावर भाजा आणि तळहातावर चोळा. दाणे सुटतात, कोंडा सुटतो, चोळणं थांबतं आणि फुंकर मारायच्या आधी हातात कोंडा आपणच थोडा सरकतो. तेवढा वाजला. ऐकू आला नाही तरी चालेल, दाजी. तळहात उघडाच ठेवा, तिथं कळेल.

नाथाजी